अक्कांची परीक्षा आणि माझा डबा

माझ्या खोलीत मशीन नव्हतं. माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच. चिटगुप्प्याहून, औरादहून माणसं बस बदलत बदलत कलबुर्गीला यायची, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरची ‘न्यूरोसायकॉलॉजी’ ही लांबलचक पाटी कुणाकडून तरी वाचून घ्यायची आणि धडधडत्या छातीनं आत शिरायची. आत काय? एक टेबल, दोन खुर्च्या, चित्रांची कार्डं, रंगीत ठोकळे, पेन्सिली आणि मी. एका आजोबांनी माझ्यासमोर दोन तास काढले. आकडे म्हटले, चित्रं ओळखली, ठोकळे जुळवले. शेवटी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले, “बरं झालं, तुमच्यासंगं टाइम चांगला गेला. आता डॉक्टर कवा येणार?”

मी सुईवाला डॉक्टर नाही, हे आयुष्यभर सांगत आलो. कुणी ऐकलं नाही. मंठाळसारख्या गावातून आलेल्या माणसाला ‘डॉक्टर’ म्हणवून घ्यायला वाईट वाटत नाही, त्यामुळे मीही फार जोर लावून सांगितलं नाही.

तर आमचं काम काय? मशीनमधल्या फोटोत मेंदू दिसतो कसा ते कळतं. तो चालतो कसा, ते माझ्या टेबलावर कळायचं. घराच्या फोटोत भिंतीचा तडा दिसेल. पण चूल नीट पेटते का, हे पेटवूनच बघावं लागतं. पक्षाघात झालेला, मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार बसलेला, फिट येणारा, किंवा “हल्ली फार विसरतात” असा शिक्का बसलेला माणूस आला की आधी गप्पा. काय बदललं, कधीपासून, शाळा किती, घरात कुठली भाषा, बाजारात कुठली, भांडणात कुठली. मग मी आकडे म्हणायचे, त्यांनी तसेच म्हणायचे, नंतर उलटे. दहा शब्दांची यादी ऐकून परत सांगायची. चित्र बघून काढायचं. एका मिनिटात आठवतील तेवढ्या भाज्या सांगायच्या. एक छोटी गोष्ट ऐकायची आणि अर्ध्या तासानं, पुन्हा न ऐकवता, ती परत सांगायची. हे सगळं मिळून तीन-चार तास. दुखत नाही, रक्त काढत नाहीत, शॉक तर मुळीच देत नाहीत. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालतं, त्यासाठी वेगळी कार्डं असतात.

आणि यात पास-नापास नसतं. हे वाक्य मी रोज म्हणायचो आणि रोज दार उघडल्या उघडल्या नातेवाईक विचारायचे, “पास झाले का?” नातेवाइकांना मी बाहेर बसवायचो ते उगीच नाही. सुरुवातीच्या काळात एका मुलाला दया येऊन आत बसू दिलं. मी बापाला वार विचारला की हा मागून, “अप्पा, बुधवार! बुधवार!” त्या दिवसाच्या कागदावरून एवढंच सिद्ध झालं, की मुलाची स्मरणशक्ती उत्तम आहे.

आता तो अर्धा तास. नियमाप्रमाणे त्या वेळात माणसाकडून दुसरं काहीतरी करून घ्यायचं असतं. मी मात्र त्याला ‘रुग्णाची विश्रांती’ असं नाव दिलं होतं आणि तेवढ्यात माझा डबा खायचो. ज्वारीची भाकरी, पुंडीची, म्हणजे अंबाडीची, आंबट भाजी, शेंगाची चटणी. पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे बाकावर रुग्ण. वर्षानुवर्षं हे चाललं आणि मला त्यात काही गैर दिसलं नाही. शरणम्मा अक्का येईपर्यंत.

शरणम्मा अक्का मुडबीजवळच्या एका खेड्यातल्या. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथं मला अजून जेवायला जायचं असतं. वय पासष्टच्या आसपास, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावच्या मठात श्रावणभर पुराण चालतं आणि रोज दासोह, म्हणजे येईल त्याला जेवण. तीन-तीनशे पानं उठतात. त्या चुलीवर वीस वर्षं अक्कांचं राज्य. पगार नाही, सेवा. तिथला नियम असा, की देवाला अर्पण झाल्याशिवाय अन्नाची चव घ्यायची नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या हंड्यात मीठ घालायचं ते नजरेनं आणि मुठीनं. वीस वर्षांत अक्कांची मूठ चुकली नव्हती.

त्या श्रावणात चुकली. एक दिवस सांबार अळणी. दोन दिवसांनी मीठ दोनदा पडलं. मग एका दुपारी अक्का हंड्यासमोर हातभर लांब पळी घेऊन उभ्याच राहिल्या. पुढं काय करायचं ते सुचेना. मठाचे पंच हळहळले, पण उकळत्या हंड्यापुढं हळहळून भागत नाही. चिटगुप्प्यात बियाण्याचं दुकान असलेला त्यांचा मुलगा बसवराज त्यांना माझ्याकडे घेऊन आला.

बसवराजला बाहेर बसवून मी दार लावलं. अक्कांनी आधी माझे ठोकळे बघितले, मग मला बघितलं.

“डॉक्टर, माझं डोकं चालंना झालं आसंल तर सांगा. पळी मी माज्या हातानं ठिवीन. पण पोराला सांगू नका आधी. मला सांगा.”

“हो हो,” मी म्हणालो. असल्या वेळी मी फार चटकन हो म्हणतो.

सुरुवात काय झाली म्हणता! एका मिनिटात भाज्या सांगा म्हटलं तर अक्कांचा वेग माझ्या पेन्सिलीला झेपेना. वांगं, चवळी, पुंडी, राजगिरा, मधेच “कारलं, पण ते पंगतीला करू नका, निम्मं पानात ऱ्हातंय.” मी शेवटच्या चार भाज्या अंदाजानं लिहिल्या. मग गोष्ट सांगितली. माझी ती गोष्ट ठरलेली: एक शेतकरी बैल घेऊन बाजाराला निघतो, वाटेत ओढ्याला पाणी येतं, वगैरे. अक्कांनी ऐकून लगेच बऱ्यापैकी परत सांगितली. मी घड्याळ बघितलं, ‘विश्रांती’ जाहीर केली आणि डबा उघडला.

परत आलो तर समोर दुसरीच बाई. गोष्ट विचारली.

“कोणची गोष्ट?”

“मघाची. शेतकऱ्याची.”

“कोण शेतकरी?”

कपाळावर घाम, पेन्सिल धरलेला हात थरथरत होता. साधा चौकोन काढायला दिला, तो तिसऱ्या रेघेलाच थांबला. दहातले दोन शब्द आठवले. आता माझ्यातल्या तज्ज्ञानं काय केलं ते लिहितो, कारण न लिहून सुटका नाही. मी कागदावर लिहिलं, ‘चिंताग्रस्त’. आणि उठून पंखा वाढवला.

बाहेर बसवराज माझी वाटच बघत होता. “सर, लपवू नका.”

मला त्याला सांगता आलं असतं, की आधी अक्कांशी बोलायचं ठरलंय. की कागद अजून तपासायचेत. पण पोट भरलेलं असलं की माणसाला आत्मविश्वास फार येतो. “लक्षणं बरी नाहीत,” मी म्हणालो. “स्मृतिभ्रंशाची सुरुवात दिसते. त्यांना एकटं ठेवू नका, आणि आगीजवळची कामं आता नकोत. लेखी अहवाल आठवड्यानं देतो.”

तो खाली मान घालून गेला. अक्का त्याच्यामागून चालत होत्या. जिन्यावरून त्यांनी एकदा वळून बघितलं.

आठवड्यानं मी अहवाल लिहायला बसलो. आमच्या विभागात सुजाताबाई नावाच्या परिचारिका होत्या, चिटगुप्प्याच्या. रोज सकाळी “जयभीम सर” म्हणून आत यायच्या आणि माझ्या चुका दुपारपर्यंत पोटात ठेवायच्या. त्या दिवशी टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“सर, त्या मुडबीकडच्या अक्कांचं लिहायलाव का?”

“हो. का?”

“त्या दिवशी त्यांनी काईच खाल्लं नव्हतं बगा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“इचारलं की मी. पडद्याच्या भाईर बाकड्यावर बसल्या हुत्या, त्वांड सुकलेलं. म्हणलं, अक्का, जेवलाव का? तर म्हणल्या, श्रावणात मठातली शेवटची पंगत उठल्याबिगर मी खात न्हाई. इथं आले म्हणून काय झालं, पंगत उठल्याचा फोन पोराला येतोय, मग खाते. मी बिस्किटाचा पुडा दिला तर पदरात बांधून ठिवला.”

“शेवटची पंगत किती वाजता उठते?”

“तीन, साडेतीन. आन् शुगरची गोळी पहाटं पाचलाच घेतलेली. दोन म्हैन्याखाली नवी सुरू झालीय म्हणं. डॉक्टरनं सांगितलंय सकाळी घ्या, तर सकाळी. गोळी चुकवत न्हाईत त्या.”

मी पेन खाली ठेवलं. “अहो, मग हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुमी जेवायला बसला हुताव की सर.”

आमच्या भागात रस्त्यात भेटलेला माणूस कन्नडमध्ये ‘ऊट आयता?’ विचारतो, मराठीत ‘जेवलाव का?’, दखनीत ‘खाना हुआ क्या?’ तीन भाषा, पण पहिला प्रश्न एकच. मी अक्कांना वार विचारला, महिना विचारला, जिल्हा विचारला, उलटे आकडे विचारले. शेंबडं पोरसुद्धा जे विचारतं, तेवढं सोडून सगळं विचारलं.

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. आमचे कागद विषयवार लावलेले असतात: स्मरण एकीकडे, लक्ष एकीकडे, चित्रं एकीकडे. ते सगळे काढून मी घड्याळाप्रमाणे लावले. पहिल्या तासाचे कागद एखाद्या तरतरीत बाईचे. पुढचे घसरत गेलेले. शेवटचे तर ओळखू येऊ नयेत असे. स्मृतिभ्रंश असा एका सकाळीत जिना उतरत नाही. मी मोजली होती ती अक्कांची बुद्धी नव्हती. रिकाम्या पोटी गोळी घेतलेल्या, साखर संपत चाललेल्या मेंदूची फरफट मोजली होती. आणि ती घसरण मला त्याच दिवशी दिसली होती. ‘चिंताग्रस्त’ असा शेरा मारून मी पुढं गेलो होतो.

बसवराजला फोन लावला.

“सर, उद्या मठात बैठक आहे. पळी दुसऱ्याकडं द्यायचं ठरलंय. आईसाठी इकडं चिटगुप्प्यात खोली रिकामी केली.”

“थांबा जरा. आत्ता देऊ नका.”

“आता कसं थांबू सर? तुम्हीच तर म्हणालात.”

आमच्या दवाखान्यातल्या फिजिशियनना विचारलं. ते म्हणाले, फोनवर कसला अंदाज करता, त्या ज्या वेळी गोंधळतात त्याच वेळी साखर तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सुजाताबाई निघालो. त्यांच्या पर्समध्ये काडेपेटीएवढं साखर मोजायचं यंत्र होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मशीन घेऊन रुग्णाकडे चाललो होतो, आणि तेही माझं नव्हतं.

मठात पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. बैठक दुपारी होती, तोवर आजचा शेवटचा स्वयंपाक अक्काच करत होत्या. त्यांनी तो मागूनच घेतला होता. चुलीजवळ गेलो तर अक्का मिठाच्या डब्यात हात घालून उभ्या. हात बाहेर येईना, आत राहीना. चेहरा घामानं डवरलेला.

“अक्का, ओळखलंत का?”

बघत राहिल्या. सुजाताबाईंनी त्यांना हळूच बाजूला बसवलं, बोटाला टोचलं, यंत्राचा आकडा बघितला, “लई खाली गेलीय साखर,” म्हणाल्या आणि शेजारच्या डब्यातला गुळाचा खडा त्यांच्या तोंडापुढं धरला.

अक्कांनी तोंड फिरवलं. वार विसरल्या होत्या, मला विसरल्या होत्या, नेम मात्र विसरल्या नव्हत्या. “पंगत उठू द्या.”

“आई, खा की गं,” बसवराज रडकुंडीला आला.

“पंगत उठू द्या म्हणलं ना.”

मी तिथंच उकिडवा बसून व्याख्यान सुरू केलं. मेंदू, ग्लुकोज, इंधन. मठाचे स्वामी, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं, गडबड ऐकून येऊन मागं उभे होते. त्यांनी माझं अर्धं वाक्य ऐकून घेतलं, पूजेच्या खोलीत गेले आणि ताटलीतली खडीसाखर आणि केळं घेऊन आले.

“शरणम्मा, सकाळचा प्रसाद घेतलाच न्हाई तू. हात पुढं कर.”

प्रसादाला नाही म्हणता येत नाही. अक्कांनी हात पुढं केला, कपाळाला लावला, खाल्ला. अप्पांनी आणखी दिला. चुलीत लाकडं तडतडत होती. पंधराएक मिनिटांनी अक्कांनी पदरानं तोंड पुसलं, हंड्याकडं बघितलं आणि एकदम ओरडल्या, “आरं, सांबारात मीठ कोण घातलं? कुणीच न्हाई ना? मग बगत काय बसलाव समदे!”

तेव्हा त्यांना माझी ओळख पटली. “डॉक्टर, तुमी कामून आलाव?”

मी पंचांसमोर, बसवराजसमोर, हंड्यासमोर सांगितलं, की मी चुकलो. उपाशी माणसाची परीक्षा घेतली आणि घाईनं निकाल सांगून टाकला. स्मृतिभ्रंश आहे की नाही हे मला आज सांगता येत नाही. सहा आठवडे द्या. पंच माना डोलवत होते. अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, “ते व्हय डॉक्टर. माणूस चुकतंय. पण मला सांगा म्हणलं हुतं, पोराला सांगितलाव.”

पुढच्या वेळी आधी तुम्हालाच सांगीन, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

गोळीचं पुढं डॉक्टरांनी बघितलं. बदलली आणि वेळही ठरवून दिली. (माझं हे वाचून कुणी आपली गोळी आपल्या मनानं बंद करू नका. त्या भानगडीत मी नाही.) रोज सकाळी पूजा झाली की अप्पांकडून पोटभर प्रसाद यायचा. नेमाला धक्का नाही, पोटही रिकामं नाही. इतका साधा तोडगा माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

सहा आठवड्यांनी अक्का पुन्हा माझ्या टेबलासमोर बसल्या. मी पेन्सिल उचलायच्या आधी विचारलं, “जेवलाव का?”

“जेवले. तुमी?”

मीही जेवून आलो होतो. डबा आता माणूस घरी गेल्यावरच उघडायचा, असा नियम केला होता. त्या मधल्या अर्ध्या तासात आम्ही ठोकळे जुळवले. मग गोष्ट विचारली. नवी होती, जुनी चालत नाही. अक्कांनी ती माणसांसकट, गावासकट सांगितली आणि वर म्हणाल्या, “न्हाई, ध्यानात हाय समदी. पण गोष्ट अळणी हाय तुमची. ती बाई माहेरला चाललीय तर रिकाम्या हातानं कामून चाललीय?” तिथं मी माझ्या कागदावर गुण लिहिले आणि गोष्टीखाली रेघ मारली. दोन-तीन नावं आठवायला त्यांना उशीर लागला, तेवढा या वयात आम्हा सगळ्यांनाच लागतो.

अहवाल तयार झाला तेव्हा बसवराजला बाहेर बसवलं आणि अक्कांना एकटीला वाचून दाखवला, एकेक वाक्य सोपं करून. स्मृतिभ्रंशाची चिन्हं दिसत नाहीत. वर्षानं एकदा पुन्हा बघू. स्वयंपाकाला हरकत नाही. त्यांनी शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “आता बलवा पोराला.”

पुढच्या श्रावणात मी निवृत्त झालो होतो. अक्कांचा निरोप आला, दासोहाला या. पहाटे कलबुर्गीहून निघालो, चहासुद्धा न घेता. म्हटलं, मठातच जेवू. पहिल्या पंगतीत बसलो. अक्का स्वतः पळी घेऊन वाढत आल्या. माझी वाटी मात्र आतून भरून आणली होती. मला वाटलं, मान. शेजारी बसवराज, समोर सुजाताबाई. अक्का माझ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“खाऊन सांगा डॉक्टर. मीठ बराबर हाय का?”

मी घास घेतला. सांबार अळणी. नुसतं अळणी नाही, मिठाचा खडाही त्याच्या वाटेला गेलेला नाही. वर्षभरात पुन्हा? माझा अहवाल चुकला? सगळी पंगत माझ्याकडं बघत होती. बसवराजचा चेहरा बघितला, अक्कांच्या हातातली पळी बघितली.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “अगदी बरोबर.”

अक्का पंगतीकडं वळल्या. “बगितलाव? मीठ घालायच्या आदीच वाटी काढून ठिवली हुती ह्यांची. आन् म्हणत्यात बराबर हाय!”

अख्खी पंगत हसली. सुजाताबाईंना ठसका लागला. मी मान खाली घालून पत्रावळीकडं बघत बसलो. अक्कांनी ती वाटी उचलली, दुसरी वाफाळती माझ्यापुढं ठेवली आणि जरा खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, “सकाळपासून काय खाल्लाव?”

“काहीच नाही.”

“मग बराबर. उपाशी माणसाची परीक्षा घेऊ नये,” अक्का म्हणाल्या. “आदी जेवा. पोरानं इचारलं तरी निकाल सांगत न्हाई मी.”